फोटोची पाठ कोरी ठेवू नका

घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडा. लुगड्याच्या घडीखाली, शाळेच्या दाखल्याजवळ, एखादा जुना फोटो सापडेलच. तो उलटा करून बघा. पाठीवर काय लिहिले आहे? बहुतेक घरांत काहीच लिहिलेले नसते. फार तर फोटो स्टुडिओचा निळा शिक्का असतो. फोटोत कोण आहे, तो कुठे काढला, कोणत्या साली काढला, हे सगळे फक्त आजीला ठाऊक. आजी आहे तोवर फोटो बोलतो. आजी गेली की फोटो मुका होतो.

हा विषय आज घेण्याचे कारण आमची जुनी नोकरी. तरुणपणी आम्ही मुंबईतल्या एका दैनिकाच्या डार्करूममध्ये काही वर्षे काम केले. कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालण्याचा तो काळ. फिल्म धुणे, फोटो छापणे, वाळवणे आणि संपादकीय खात्यात नेऊन देणे हे आमचे काम. तिथे एक शिस्त होती. पाठ कोरी असलेला फोटो उपसंपादक हातात धरत नसत. तारीख, जागा, प्रसंग, डावीकडून क्रमाने माणसांची नावे आणि फोटो काढणाऱ्याचे नाव, एवढे पाठीवर असेल तरच फोटो पुढे सरकायचा. आमचे वरिष्ठ फोटोग्राफर म्हणायचे, "अरे, नाव नाही तर फोटो कुणाचा?" हे वाक्य आमच्या मनात कायमचे राहिले.

आजच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे. एका वाढदिवसाला शंभर फोटो निघतात आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही. त्यांना त्या काळाची काटकसर समजावून सांगावी लागते. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. पोटाजवळ धरून वरून खाली बघायचा रोलीफ्लेक्स किंवा याशिका कॅमेरा असेल तर त्याच्या रोलमध्ये फक्त १२. पैसे वाचवण्यासाठी १०० फूट फिल्मचा डबा विकत घेत. काळ्याकुट्ट अंधारात बसून, हाताच्या अंदाजाने फिल्म कापून आम्ही ती रिकाम्या डब्यांत भरायचो. एका मोठ्या डब्यातून १८ रोल निघत. पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म येई. उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, त्याची 'इंदू' ही देशी फिल्म मिळे. परदेशी कोडॅकची फिल्म महाग, म्हणून ती कपाटात कुलपाखाली असे आणि मोठ्या कामालाच बाहेर निघे.

एक रोल घेऊन फोटोग्राफर दोन-तीन कामांना जाई. सकाळी एखादे उद्घाटन, दुपारी मोर्चा, संध्याकाळी सभा. ३६ फोटोंत तीन कामे बसवायची. मंत्र्याने फीत कापली, त्याचे चार फोटो. हार घातला, त्याचे दोन. म्हणजे मोर्चाला पोहोचेपर्यंत रोल निम्मा झालेला. कुणावर फिल्म खर्च करायची आणि कुणावर नाही, हा हिशेब दर वेळी बटणावरच्या बोटाला करावा लागे. तो हिशेब पुष्कळदा गरिबाच्या विरुद्ध जाई. फोटोग्राफर वाईट होते म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या पानाला मंत्री लागणारच, हे त्यांना माहीत होते म्हणून.

संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला रोल आमच्या हातात पडत. त्यानंतर आमची धावपळ. दार बंद करायचे, दिवा घालवायचा. फिल्म धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही. अंधारात फिल्म चकरीवर गुंडाळून टाकीत ठेवायची आणि झाकण लावायचे. मग त्यात डेव्हलपर ओतायचा. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही त्यातली मुख्य औषधे. पाणी २० अंशांवर लागते. मुंबईच्या मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येते, म्हणून रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून टाकीच्या भोवती ठेवायचा. घड्याळ लावून टाकी हलवत राहायची. मग हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारे मीठ. त्यानंतर वाहते पाणी.

हायपो नीट धुतला गेला नाही तर फोटो काही वर्षांनी पिवळा पडतो. पण पान लावणारे दारावर थापा मारत असताना अर्धा तास पाणी कोण देणार? कित्येकदा निगेटिव्ह स्पिरिटमध्ये बुडवून पंख्याखाली सुकवली आहे. कधी तर ओलीच एन्लार्जरमध्ये घालून फोटो छापला आहे. त्या दिवसांतले वर्तमानपत्री फोटो आज पिवळे झालेले दिसतात, त्यामागे ही घाई आहे.

फोटो कागदावर छापताना मात्र लाल दिवा चाले. ट्रेमधल्या औषधात पांढरा कागद बुडवला की आधी काळे केस दिसू लागत, मग डोळे, मग हळूहळू सगळा चेहरा. हजारो फोटो छापले, तरी ते बघायचा कंटाळा आम्हाला कधी आला नाही. औषधाने बोटे तपकिरी पडत. काहींच्या हातांची सालटे निघत, खाज सुटे. हातमोजे असत, पण घाईत कोण घालतो? आमच्यासारखी चाळीतून आणि झोपडपट्टीतून आलेली मुलेच हे काम करत होती. त्या हातांचे नाव कुठेच छापले जात नसे.

नावाचा प्रश्न खरा कसा आहे, हे आम्हाला एका बाईंनी शिकवले. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या काळात मोर्चांचे पुष्कळ फोटो आम्ही धुतले. संप सुरू होऊन दोन-अडीच वर्षे झाली असतील, तेव्हा एक बाई कचेरीत आल्या. पिशवीतून त्यांनी घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण काढले. आमच्याच अंकातला मोर्चाचा फोटो होता. त्यात एका चेहऱ्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला.

"दादा, हे आमचे मालक. आता नाहीत. घरात त्यांचा दुसरा फोटू नाही. एवढा चेहरा मोठा करून मिळंल का?"

छापील फोटो मोठा करता येत नाही. भिंगाखाली धरला की त्यात नुसते ठिपके दिसतात. मूळ निगेटिव्ह हवी. ती होती. बटर पेपरच्या पाकिटात आम्ही तारखेप्रमाणे निगेटिव्ह ठेवत होतो. पाकिटावर लिहिले होते, "मोर्चा, लालबाग". बस्स. तारीख आणि मोर्चा. व्यासपीठावर बसलेल्या पुढाऱ्यांची नावे दुसऱ्या पाकिटावर सविस्तर होती. या पाकिटात पन्नास-साठ माणसांचे चेहरे होते आणि नाव एकाचेही नव्हते. शिस्त होती, पण ती व्यासपीठापुरती होती.

भिंग लावून शोधले. दुसऱ्या रांगेत, झेंड्याच्या काठीआड अर्धा चेहरा सापडला. शेजारच्या चौकटीत तोच माणूस थोडा पुढे आलेला होता आणि चेहरा पूर्ण दिसत होता. ती चौकट छापलीच गेली नव्हती. एन्लार्जर वरच्या टोकापर्यंत चढवून आम्ही तळहाताएवढा चेहरा छापला. दाणे दाणे दिसत होते, पण माणूस ओळखू येत होता. फोटोग्राफर साहेबांनी पैसे घेऊ दिले नाहीत. त्या फोटोला हायपो धुण्यासाठी पूर्ण वेळ पाणी दिले. बाई बाकावर बसून राहिल्या.

फोटो हातात घेतल्यावर त्यांनी तो उलटा केला आणि म्हणाल्या, "मागं नाव लिहा." मग सावकाश एकेक सांगू लागल्या. पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, गिरणी, खाते त्रासन. आम्ही लिहिले. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. पोरांना येतं."

त्या गेल्यावर आम्ही तीच ओळ निगेटिव्हच्या पाकिटावरही लिहून ठेवली. पन्नास-साठ चेहऱ्यांत एकाला नाव मिळाले.

ही गोष्ट एकट्या आमच्या कचेरीची नाही. वर्तमानपत्रांत फोटो छापणे सुरू झाले तेव्हापासून ती चालत आली आहे. आधी फोटो तसाच्या तसा छापता येत नसे. चित्रकाराकडून लाकडावर तो कोरून घ्यावा लागे. मग फोटोचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून त्याचा ठसा बनवण्याची युक्ती निघाली. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी असा फोटो छापला. वर्तमानपत्रात ठिपक्यांच्या ठशाने छापलेला पहिला फोटो म्हणून सामान्यतः त्याचेच नाव घेतले जाते. तो राजवाड्याचा नव्हता, राष्ट्राध्यक्षांचा नव्हता. न्यूयॉर्कमधल्या झोपडपट्टीचा होता. त्या झोपड्यांत कोण राहत होते, हे मात्र त्या फोटोवरून कुणाला कळत नाही.

दुसरे उदाहरणही अमेरिकेचेच. १९३६ साली तिथे मोठी मंदी होती. कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लांग या छायाचित्रकार बाईंनी एका आईचे आणि तिच्या मुलांचे फोटो काढले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात ते छापून आले आणि सरकारने त्या तळावर सुमारे ९ टन अन्न पाठवले. फोटोची ताकद ही अशी असते. पण अन्न पोहोचले तेव्हा ती बाई मुलांना घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. लांगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. हा फोटो जगभर छापला गेला. बाईचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्सन, हे १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी लोकांना कळले. त्या चेहऱ्यावर इतरांनी नाव कमावले, आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची तक्रार होती. तक्रार रास्तच म्हटली पाहिजे.

आणि आपल्या देशातले भोपाळ. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्यांत माणसे झोपेत मेली. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी तिथे एका बाळाच्या दफनाचे फोटो काढले. मातीतून फक्त बाळाचा चेहरा दिसतो आहे. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला १९८४ सालचा जागतिक वृत्तछायाचित्राचा मोठा पुरस्कार मिळाला. भोपाळ म्हटले की जगाला तोच चेहरा आठवतो. पण ते बाळ 'अज्ञात बालक' म्हणूनच ओळखले जाते. त्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हे त्या फोटोत नाही.

नाव हरवणे कधी कधी फोटो काढणाऱ्याच्याही वाट्याला येते. होमाय व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याच्या दिवसांचे फोटो काढले, मोठे नाव झाले, २०११ साली पद्मविभूषण मिळाले. २०१२ साली त्या वारल्या. पण त्या सुरुवातीच्या फोटोंखाली नाव पतीचेच राहिले. आमच्या माताभगिनींना यात नवल वाटणार नाही. सभेच्या फोटोखाली 'सौ. अमुक' एवढेच छापले जाते आणि तिचे स्वतःचे नाव कुठे जाते, हे त्यांनी पुष्कळदा पाहिले आहे.

आता आपल्या घराकडे या. १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आणि ७ डिसेंबर १९५६ ची दादरची चौपाटी. या दोन दिवसांचे फोटो आपल्या घराघरांत, विहाराविहारांत भिंतीवर आहेत. त्या अंत्ययात्रेचे चलच्चित्र नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून टिपले. फिल्मचा एकेक फूट पैशांत मोजला जात होता त्या काळात त्यांनी हे केले, हे विसरता कामा नये. बाबासाहेबांचा चेहरा आपण लांबून ओळखतो. पण फोटोतल्या त्या अथांग गर्दीकडे कधी नीट बघितले आहे का? पांढऱ्या लुगड्यातली ती बाई, खांद्यावर मूल घेतलेला तो माणूस, ते कोण होते? कुणाचे तरी आजी-आजोबा होते. कदाचित आपलेच. गाडीभाडे जमवून, भाकरी बांधून, चालत, उपाशी, ते तिथे पोहोचले होते. त्यांचे फोटो आहेत, नावे नाहीत.

वर्तमानपत्रांकडच्या जुन्या निगेटिव्ह सगळ्या नीट राहिल्या आहेत असे समजू नका. सन २००० च्या आसपास कचेऱ्यांत डिजिटल कॅमेरे आले आणि डार्करूमा बंद होऊ लागल्या. आमच्या त्या जुन्या कचेरीतल्या पाकिटांचे गठ्ठे आधी जिन्याखाली गेले, मग गोदामात. दमट हवेत फिल्मला आंबट वास सुटतो, ती वेडीवाकडी होते, तिच्यावरचा थर सुटतो. फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून भंगारवाला तिला किंमत देतो. वापरलेल्या हायपोच्या पाण्यातूनही लोक चांदी काढत. किती मोर्चे, किती सभा, किती चेहरे त्या चांदीच्या भावाने गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लालबागच्या मोर्चाचे ते पाकीट पुढे कुठे गेले, हे आम्हाला विचारूनही कळले नाही. त्या बाईंच्या घरचा फोटो मात्र पाठीवरच्या नावासकट त्यांच्या पोरांकडे असेल, असा आमचा विश्वास आहे. मोठ्या कचेरीत जे टिकले नाही ते एका खोलीच्या घरात टिकू शकते.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली गोष्ट, लिहा. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन दाबून लिहिले की पुढच्या बाजूला उमटते, आणि शाई ओलीने पसरते. नंतरच्या गुळगुळीत रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तिथे वेगळ्या कागदावर लिहून फोटो त्या कागदासह पाकिटात ठेवा. डावीकडून क्रमाने नावे, गाव, साल, प्रसंग लिहा. साल आठवत नसेल तर "थोरलीच्या लग्नाआधी", "संपाच्या वर्षी" असे लिहा. तेही चालते.

दुसरी गोष्ट, बायांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहा. माहेरचे नाव, माहेरचे गावही लिहा. 'काकू', 'मामी', 'अमक्याची आई' एवढ्यावर थांबू नका. त्या घरात तुम्हाला त्या काकू असतील, पण पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला काकू कोण हे कसे कळावे?

तिसरी गोष्ट, वर्तमानपत्राची कात्रणे. तो कागद हलका असतो, काही वर्षांत पिवळा पडून तुकडे होतो. कात्रणावर अंकाचे नाव आणि तारीख लिहा आणि चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका.

चौथी गोष्ट, निगेटिव्ह फेकू नका. काळी पट्टी बघून मुले कचरा समजतात. कागदी पाकिटात, पेटीच्या वरच्या भागात, ओल लागणार नाही अशी ठेवा. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले आणि खालच्या पेट्यांतले सगळे गेले, हे आपण पाहिले आहे. रंगीत फोटोचे रंग काळाने उडतात. काळी-पांढरी फिल्म नीट ठेवली तर ती आपल्यापेक्षा जास्त जगते.

पाचवी गोष्ट मुलांसाठी. तुमच्याकडे मोबाइल आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता जुन्या फोटोचा फोटो घ्या. पुढचाही घ्या आणि पाठीचाही घ्या. भावाबहिणींना पाठवा, म्हणजे एका घरात नाश झाला तरी दुसऱ्या घरात राहील. कुणी पुस्तकासाठी, प्रदर्शनासाठी मूळ फोटो मागितला तर प्रत द्या, मूळ फोटो घराबाहेर जाऊ देऊ नका.

हे काम एकट्याने करायचे नाही. रात्री जेवणे आटोपली की टीव्ही थोडा वेळ बंद करा. पेटी खाली काढा, आजीला मध्ये बसवा आणि एकेक फोटो तिच्या हातात द्या. ती सांगेल, धाकट्यांनी लिहावे. ती मध्येच थांबेल, डोळे पुसेल, भलतीच गोष्ट सांगू लागेल. सांगू द्या, तीही लिहून घ्या. एका रात्रीत पाच फोटो झाले तरी पुष्कळ झाले. पुढच्या रविवारी आणखी पाच घ्या.

पेन्सिल मात्र आजच आणून ठेवा.